नाला म्हणजे नेमकं काय?

मे महिना लागला की मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या वर्तमानपत्रांत 'नालेसफाई' हा शब्द रोज दिसू लागतो. गाळ किती टक्के काढला, किती राहिला, यावरून महापालिकांत खडाजंगी होते. जूनमध्ये पाऊस येतो आणि 'नाल्याचं पाणी घरांत' असे मथळे सुरू होतात. त्याच सुमाराला एक जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. कोल्हापुरात पंचगंगेला जाऊन मिळणारी जयंती ही नदी की नाला? जिच्यावरून नागपूरला नाव मिळालं, ती नाग नदी की नाला? मुंबईची मिठी कोण?

वाद शब्दाचा वाटतो, पण घर कुठे बांधता येईल आणि पावसाचं पाणी कुठून जाईल, या गोष्टी त्याला चिकटलेल्या आहेत. म्हणून 'नाला' हा शब्द मुळापासून उलगडून पाहू. तो आला कुठून, त्याचा अर्थ काय होता आणि त्यात घाण कधी मिसळली?

## पोकळ देठापासून सुरुवात

संस्कृतात 'नड' किंवा 'नल' म्हणजे पाणथळ जागी उगवणारं, बोरूसारखं आतून पोकळ असलेलं गवत. त्याच कुळातला 'नाल' म्हणजे पोकळ देठ, विशेषतः कमळाचा. 'नाडी' म्हणजे नळी, आणि पुढे शरीरातली रक्त वाहून नेणारी वाहिनी. या सगळ्यांत एकच कल्पना आहे: लांबट, पोकळ आणि ज्यातून काहीतरी पुढे जातं असं.

ही कल्पना मराठीत किती ठिकाणी पोचली आहे पाहा. घरातला नळ, नळी, नळकांडं. आईशी बाळाला जोडणारी नाळ. वैद्य मनगटाला बोट लावून पाहतात ती नाडी. श्वासनलिका, अन्ननलिका. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना या शब्दाचं आणखी एक रूप माहीत असतं. हरिश्चंद्रगडावर चढणारी 'नळीची वाट' किंवा लिंगाण्याजवळची 'बोराट्याची नाळ'. दोन कड्यांच्या मधली अरुंद, खोल घळ म्हणजे नाळ. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळतं, एरवी माणसं चढतात-उतरतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नालिका' हे काळाचं माप आहे. घड्याच्या बारीक छिद्रातून ठरावीक पाणी वाहून जायला लागणारा वेळ म्हणजे एक नालिका. दिवस-रात्रीचा साठावा भाग, म्हणजे आजची २४ मिनिटं.

मूळच्या 'नाल'ला 'प्र' लागला की 'प्रणाल' होतो, म्हणजे पाणी बाहेर नेणारी वाट. छपराच्या कडेला पाणी गोळा करणारी आपली 'पन्हळ' प्रणालवरूनच आली. 'प्रणाली' म्हणजेही मुळात पाण्याचा मार्ग. 'ठरलेल्या वाटेनं चालणारं काम' असा अर्थ पुढे आला आणि आज आपण 'शासनप्रणाली', 'कार्यप्रणाली' म्हणतो. आणि मंदिराच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं, त्या दगडी मुखालाही स्थापत्यशास्त्रात प्रणालच म्हणतात. शंकराच्या देवळात सोमसूत्री प्रदक्षिणा घालताना भाविक तिथवर जातात आणि मागे फिरतात, कारण ती पाण्याची वाट ओलांडायची नसते. नाल्याचं हे घराणं इतकं आदराचं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

## मराठीत 'नाळा' का झालं नाही?

इथे एक बारकावा आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत येताना बहुतेक वेळा 'ळ' होतो: फल–फळ, कमल–कमळ, काल–काळ. 'ड'चंही तसंच आहे: गुड–गूळ, तडाग–तळं, षोडश–सोळा. या नियमानं आपल्याकडे नळ, नळी, नाळ ही 'ळ'ची रूपं तयार झाली. पण पाण्याच्या प्रवाहाला आपण 'नाला' म्हणतो, 'ल' लावून. आजच्या प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, तिथे हा शब्द 'नाला'च आहे. त्यामुळे मराठीतला 'नाला' हा थेट संस्कृतातून झिजत आलेला नसून उत्तरेकडच्या शेजारी भाषांतून आलेला असावा, असं मानायला चांगला आधार आहे. मूळ एकच, फक्त एक भावंड घरीच वाढलं आणि दुसरं शेजारून परत आलं.

## मग हा शब्द उर्दू-फारसी आहे का?

हा प्रश्न हमखास येतो, कारण उर्दू शायरीत 'नाला' वारंवार भेटतो. पण तो नाला म्हणजे आक्रोश, विलाप. तो फारसी शब्द आहे आणि कोर्टकचेरीतली जुनी 'नालिश', म्हणजे फिर्याद, त्याच्याच घरातली. घोड्याच्या खुराला ठोकतात तो नाल अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ पायताण. 'नालायक'मधला 'ना' तर नकाराचा. उच्चार जुळतात म्हणून ही सगळी एका रांगेत बसवली जातात, पण पाण्याच्या नाल्याशी त्यांचं काही नातं नाही.

## नदी आवाजावरून, नाला वाटेवरून

'नदी' हा शब्द 'नद्' या धातूवरून येतो. नद् म्हणजे आवाज करणं, गर्जणं; 'नाद' त्यातलाच. हे स्पष्टीकरण फार जुनं आहे. अथर्ववेदात पाण्याला उद्देशून म्हटलं आहे की अहीचा, म्हणजे पाणी अडवून बसलेल्या सर्पाचा, वध झाल्यावर तुम्ही नाद करत धावलात, म्हणून तुमचं नाव नद्या. यास्कानंही निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथात, हेच सांगितलं: आवाज करतात म्हणून नद्या.

अमरकोशात नदीची नावं एकामागून एक येतात. तरंगिणी म्हणजे लाटांची, तटिनी म्हणजे काठांची, स्रवन्ती म्हणजे पाझरत-वाहत जाणारी, निम्नगा म्हणजे उताराकडे जाणारी. जवळपास प्रत्येक नाव वाहत्या पाण्याकडे बघून दिलेलं आहे.

नाल्याचं तसं नाही. 'नाला' हे नाव पाण्याला दिलेलंच नाही, पाणी ज्यातून जातं त्या पोकळीला दिलेलं आहे. म्हणून कोरडी नदी पाहिली की आपण 'नदी आटली' म्हणून हळहळतो, पण नाल्यात थेंब नसला तरी तो पुरता नालाच असतो. पाणी येवो न येवो, वाट तिथे आहे. पुढचा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे.

## ओढा, ओहोळ, वहाळ

मराठीत छोट्या प्रवाहांना नावांची कमी नाही. संस्कृत 'ओघ' म्हणजे प्रवाह. त्यावरून ओघळ आणि ओहोळ. कोकणातला वहाळ किंवा व्हाळ 'वाहणे'शी जोडलेला, आणि त्याहून लहान तो पऱ्ह्या. पश्चिम महाराष्ट्रात ओढा, विदर्भात त्याच आकाराच्या प्रवाहाला सरळ नाला म्हणतात. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तोंडी 'नाला' म्हणजे शेताच्या कडेनं जाणारा, पावसाळ्यात भरणारा, कधी गुरं पाण्यावर नेता येणारा प्रवाह. त्यात घाणीचा वास नाही.

सरकारी कागदांतही हा स्वच्छ अर्थ टिकून आहे. माती नाला बांध, सिमेंट नाला बांध, नाला खोलीकरण हे शब्द पाणलोटाच्या कामांत आजही रोजचे आहेत. तिथे नाला म्हणजे अडवायचं, जिरवायचं, जपायचं पाणी.

## मग घाण कुठून आली?

शहरातून. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला आणि 'नलाह' असा उच्चारून वापरला. १८८६ साली छापलेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा अर्थ 'जलप्रवाह' असाच दिला आहे; इंग्रज तो बऱ्याचदा कोरड्या पात्रासाठी वापरतात, एवढी पुस्ती जोडली आहे. सांडपाण्याचा मुद्दा त्या अर्थात नाही. हा शब्द ब्रिटिशांबरोबर थेट हाँगकाँगला गेला. तिथे काँक्रीटनं बांधून काढलेल्या उघड्या जलमार्गांना आजही इंग्रजीत नलाह म्हणतात. वान चाय भागातल्या एका गल्लीचं नावच स्टोन नलाह लेन आहे.

आपल्या शहरांत दोन वेगळ्या व्यवस्था असायला हव्यात. एक पावसाचं पाणी नेणारी, तिला पर्जन्यजल वाहिनी म्हणतात. दुसरी घरांतलं, कारखान्यांतलं वापरलेलं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेणारी, ती मलनिःसारण वाहिनी. पहिलीचं पाणी थेट नदीत किंवा समुद्रात जायला हरकत नाही, दुसरीचं प्रक्रिया केल्याशिवाय जाता कामा नये. वस्त्या वाढल्या, मलवाहिन्या सगळीकडे पोचल्या नाहीत, आणि जवळचा उतार म्हणजे नाला. सांडपाणी त्यात सोडलं गेलं. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा बारमाही वाहू लागला, फक्त पाणी पावसाचं राहिलं नाही. मग डोळ्यांना जे दिसलं तेच शब्दाच्या अर्थात उतरलं आणि नाला म्हणजे गटार असं समीकरण झालं.

दिल्लीतलं नजफगढ नाल्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. मूळची ती साहिबी नावाची नदी. आज बहुतेक लोकांना ती यमुनेत सांडपाणी आणून सोडणारा नाला म्हणूनच ठाऊक आहे.

## नुसत्या नावानं काय फरक पडतो?

पडतो. बांधकामाच्या नियमांत प्रवाहांचे दोन वर्ग केलेले आढळतात, लहान आणि मोठा. नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून सर्वसाधारणपणे ९ मीटर, तर नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर जागा सोडायची असते. नदीसाठी त्यावर पूररेषाही येतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध.

'२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ बरेच जण चुकीचा घेतात. आज पूर आला म्हणजे पुढची २४ वर्षं निर्धास्त, असं नाही. याचा अर्थ असा, की दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता ४ टक्के आहे, कालच आला असला तरी. ३० वर्षांच्या गृहकर्जावर निळ्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते.

या रेषा प्रामुख्यानं नद्यांसाठी आखल्या जातात. म्हणजे एखाद्या प्रवाहाची नोंद 'नाला' अशी झाली, की त्याच्या भोवतीची मोकळी जागा कमी होते आणि पुराचा हिशेबही बहुधा मांडला जात नाही. मिठीच्या बाबतीत हे साऱ्या देशानं पाहिलं. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही सुमारे १८ किलोमीटरची नदी अनेक मुंबईकरांच्या लेखी नालाच होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी आपल्या जुन्या जागेत परतली, आणि त्यानंतर तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं.

म्हणून नाग नदीला नाग नदीच म्हणा, जयंतीला नदी म्हणा, ही मागणी योग्य आहे. हाँगकाँगमध्ये काई ताक नलाहचं पात्र सुधारल्यावर त्याला अधिकृतपणे काई ताक नदी म्हटलं जाऊ लागलं. पण या मागणीतली एक गोष्ट मला खटकते. नाला हा हलका, नदी ही मोठी, म्हणून बढती द्या, असा सूर त्यात असतो. मग ज्यांना कुणीही कधी नदी म्हणणार नाही, त्या शेकडो खऱ्याखुऱ्या नाल्यांचं काय? कुठल्याही नदीच्या खोऱ्यात प्रवाहांची एकूण लांबी मोजली, तर तिचा मोठा हिस्सा या लहान प्रवाहांचाच निघतो. दोन ओघळ मिळून ओढा, दोन ओढे मिळून त्याहून मोठा, असं करत नदी होते. नाले बुजवून नदी वाचत नाही.

## आठ महिने तर कोरडाच असतो

दख्खनच्या पठारावर काळ्या कातळात पाणी साठवायला जागा कमी. पाऊस थांबल्यावर भूजल थोडे दिवस झिरपत राहतं आणि मग लहान प्रवाह आटतात. ही त्यांची रीतच आहे. रुळावरून दिवसात एकच गाडी जात असली, तरी उरलेला वेळ रिकामा म्हणून रुळावर कुणी घर बांधत नाही. नाल्याची कोरडी जागा मात्र मोकळा भूखंड वाटते.

पुण्यातला आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळतो. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून याच ओढ्याचं पाणी नळानं शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं, म्हणजे एके काळी तो शहराची तहान भागवणारा ओढा. एरवी पुलावरून जाताना लक्षही जाणार नाही एवढी त्याची धार. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि त्याच ओढ्यानं काठावरच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं गेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला काही तासांच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या.

## भिंती बांधल्या की प्रश्न सुटतो ना?

काही ठिकाणी काठ ढासळत असतो, घरं अगदी कडेला असतात, तिथे भिंतीला पर्याय नसतो. पण भिंतीबरोबर पात्र अरुंद केलं, की तेवढंच पाणी कमी रुंदीतून जाताना एक तर उंच चढतं किंवा वेग घेतं. गुळगुळीत काँक्रीटवरून ते लवकर पुढे पोचतं, म्हणजे वरच्या वस्तीचा पूर खालच्या वस्तीला आधी आणि एकदम मिळतो. तळही काँक्रीटचा केला, तर पाणी जमिनीत मुरणं आणि जमिनीतून परत येणं दोन्ही बंद. मुंबईत याला भरतीची जोड आहे. जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं, तीही ओहोटी धरून आखलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल आराखड्यानं ती तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाहून वर गेली, की भिंत कितीही उंच असो, पाणी बाहेर पडत नाही. ते थांबायला कुठेतरी मोकळी जागा लागते.

## आमच्या इथला नाला तर खोदलेलाच आहे

असू शकतो. रस्त्याकडेनं सरळ रेषेत जाणारे, एकाच रुंदीचे, रस्त्याच्या वळणाबरोबर वळणारे चर बहुतेक माणसांनी काढलेले असतात. नैसर्गिक प्रवाहाची खूण वेगळी असते. तो उंचावरून, टेकडीच्या कुशीतून सुरू होतो, जमिनीच्या उताराप्रमाणे वळणं घेतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी लहान ओघळ मिळतात. रस्ते आणि इमारती त्याच्यावरून गेलेल्या असतात, तो त्यांच्या कडेनं गेलेला नसतो.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर नकाशे आहेत. गाव नकाशात ओढे-नाले दाखवलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांत बारमाही प्रवाह निळ्या रंगात आणि पावसानंतर कोरडे पडणारे काळ्या रंगात काढलेले असतात. घर घेताना आपण पाण्याची जोडणी विचारतो, पार्किंग विचारतो. त्या भूखंडावरून जुन्या नकाशात एखादी बारीक काळी रेघ जाते का, हेही त्याच यादीत असायला हवं, आणि जात असेल तर आज ते पाणी कुठून वळवलं आहे, हे बांधकाम व्यावसायिकाला लेखी विचारायला हवं.